भाच्याची होडी

जामसांवलीहून पश्चिमेकडे जा किंवा पूर्वेकडे, समुद्र सहाशे किलोमीटरांच्या आत कोठेही भेटत नाही. आमच्या मुलखातील माणसाला पाण्याची जी काही ओळख असते ती जाम नदीची आणि संत्र्याच्या बागांतील विहिरींची. जाम पावसाळ्यात काही दिवस तांबडी होऊन धावते आणि वैशाखात दगडांच्या आड तोंड लपवते. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, आम्ही मराठी बोलणारे मध्य प्रदेशात राहिलो. २०२३ साली छिंदवाड्यातून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा निघाला आणि कचेऱ्यांवरील पाट्या बदलल्या. समुद्राचे अंतर मात्र कोणत्याही अधिसूचनेने कमी झाले नाही.

तरीही आमच्या गावाचे समुद्राशी एक नाते आहे, आणि ते देवळातून येते. जामसांवलीचा मारुती उभा नाही. तो निजलेला आहे. शंभर योजने समुद्र ज्याने उल्लंघिला, तो देव समुद्रापासून इतक्या दूर येऊन आडवा झाला, याचे मला लहानपणापासून कौतुक वाटत आले आहे. इतकी मोठी मजल मारल्यावर विश्रांतीसाठी कोणीही असेच ठिकाण निवडील, जेथे पुन्हा कोणी समुद्राचे नाव काढणार नाही! भाविक त्या मूर्तीविषयी अनेक चमत्कार सांगतात. मी व्यवसायाने वकील असलो तरी देवळाच्या पायरीवर उलटतपासणी घेत नाही.

अशा गावच्या वकिलाकडे खवळलेल्या पाण्यावर चालवावयाच्या शर्यती होडीविषयी निवाडा मागावा, हे चमत्कारिक खरे. परंतु तो मागितला गेला. माझी धाकटी बहीण गोव्यात दिली आहे. तिचे घर करंजाळ्याला, किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर. मेहुणे जहाजावर नोकरीला. वर्षातील सहा-सात महिने घराबाहेर. भाचा चौदा वर्षांचा. घरी कोंकणी, माझ्याशी मराठी आणि हट्ट दोन्ही भाषांत. त्याला बिनतारी यंत्राने चालणाऱ्या शिडाच्या होडीचा नाद लागला. ही होडी खेळण्याच्या दुकानातील फटफट करणारी होडी नव्हे. तिला इंजिन नसते. किनाऱ्यावर उभा असलेला माणूस हातातील पेटीने फक्त दोन गोष्टी करतो, सुकाणू वळवतो आणि शिडाची दोरी ओढतो किंवा सैल करतो. बाकीचे काम वाऱ्याचे.

गेल्या वर्षी डिसेंबरातील एका सकाळी त्याने अशीच एक हातभर लांबीची स्वस्त होडी समुद्रात सोडली. ती गेली ती गेलीच. तिच्यामागे हा गळ्याएवढ्या पाण्यात गेला. रापण ओढणाऱ्या एका म्हाताऱ्याने पाहिले म्हणून बरे; त्याने पोराला दंडाला धरून बाहेर काढले आणि वाळूवर बसवून एवढेच म्हटले, “परतून येवपाची वाट पयलीं पळय, मागीर वच.” बहिणीने त्या दिवसापासून होडी हा शब्द घरात बंद केला. ज्या घरातला कर्ता पुरुष समुद्रावर असतो त्या घरात या भीतीला काय वजन असते, ते आम्हां कोरड्या मुलखातील माणसांना पुरते कळणार नाही. भाच्याने वडिलांना पत्र लिहिले, वडिलांनी होकार दिला, आईने नकार दिला, आणि वाद माझ्याकडे लवादासाठी आला. माझ्यापुढे प्रश्न दोन होते. होडी घ्यावी की नाही, हा एक. आणि घ्यावयाची झाल्यास कोणती, हा दुसरा. माझ्या लवकरच ध्यानात आले की हे दोन प्रश्न मुळात एकच आहेत.

भाच्याची कैफियत सरळ होती. “मामा, मला पहिली येणारी होडी हवी.” त्याच्या मनात मार्बलहेड नावाच्या वर्गातील होडी भरली होती. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील त्याच नावाच्या बंदरावरून हे नाव पडले. मूळ माप पन्नास इंच लांबी आणि ८०० चौरस इंच शीड. या दोन मर्यादा पाळल्या की बाकी बांधणाऱ्याला पुष्कळ मोकळीक, म्हणून आजच्या मार्बलहेड कार्बनच्या, पिसासारख्या हलक्या आणि फार वेगवान असतात. तळ्यावर त्या पाहाव्यात. त्याचा दुसरा पर्याय दोन-तीन अंगांची होडी, जिला कटमरान किंवा ट्रायमरान म्हणतात. ती याहून वेगवान. पण एकदा उलटली की उलटीच राहते, आणि किनाऱ्यावरून तिला सरळ करण्याचा कोणताही उपाय माणसाच्या हाती उरत नाही. तो पर्याय मी पहिल्याच तारखेला फेटाळला.

मी समुद्राविषयी अडाणी. म्हणून वाचन केले. त्यात मला जे सापडले त्याने मी अगदी चकित झालो. होडी लहान करता येते, समुद्र लहान करता येत नाही, ही त्यातील मेख आहे. समजा, एखादी मोठी होडी सर्व मापांनी निम्मी केली. शिडाचे क्षेत्रफळ चौथाई झाले आणि शिडाची उंची निम्मी झाली. म्हणजे वाऱ्याचे तिला कलंडवणारे बळ आठवा हिस्सा उरले. वजनही आठवा हिस्साच उरले. परंतु ते वजन ज्या अंतरावरून होडीला सावरते ते अंतरसुद्धा निम्मे झाल्यामुळे सावरणारे बळ सोळावा हिस्सा उरले. सारांश, वारा तोच, पण लहान होडीला तो दुप्पट जाचक. प्रतिकृती जितकी लहान तितका हा अन्याय मोठा. म्हणूनच मोठ्या होडीची हुबेहूब छोटी नक्कल दिवाणखान्यात शोभते आणि पाण्यात आडवी पडते. चालणाऱ्या छोट्या होडीला खाली लांबच लांब पाते लागते आणि त्या पात्याच्या टोकाला शिशाचा गोळा. आपले जुने तांडेल गलबताच्या तळाशी दगडांचे निरम भरीत ते याचसाठी. फरक एवढाच की येथे निरम होडीच्या पोटात नसून पोटाखाली हातभर खोल लोंबत असते.

लाटांचेही तेच. करंजाळ्याच्या किनाऱ्यावर दुपारी अर्ध्या मीटरची लाट उठली तर आपण तिला लाटही म्हणत नाही. परंतु एक मीटर लांबीच्या होडीला ती किती मोठी? ‘म्हादेई’ ही आपल्या नौदलाची शिडाची नौका ५६ फूट, म्हणजे सुमारे १७ मीटर लांब. त्या प्रमाणात ही लाट म्हादेईपुढे साडेआठ मीटर उंचीची उभी राहिली असती. दक्षिण महासागरात खलाशी जिची धास्ती घेतात ती ही लाट, आणि आमचा भाचा ती शाळा सुटल्यावर रोज भेटावयास निघाला होता.

म्हादेईचे नाव सहज आले नाही. या नौकेचा जन्म करंजाळ्यापासून फार दूर नाही. मांडवीतील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात ती बांधली गेली, आणि तिचे नावही मांडवी जिला उगमाकडे म्हादेई म्हणतात त्या नदीचे. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांच्या मनातील कल्पना, दिलीप दोंदे यांचे धाडस. दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून एकटे निघाले आणि चार बंदरांत थांबून १९ मे २०१० रोजी परतले. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. पुढे २०१२-१३ साली अभिलाष टॉमी यांनी त्याच नौकेतून कोठेही न थांबता ती प्रदक्षिणा केली. होडीची निवड कशी करावी हे शिकावयाचे तर माझ्या मते या माणसांच्या चरित्रापाशी जावे. खेळ लहान असला तरी प्रश्न तोच असतो.

त्याहून जुने उदाहरण तर आपल्या मुंबईचेच आहे. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या इंग्रज दर्यावर्दीची ‘सुहेली’ मुंबईत बांधली गेली. सागवानाची, आपल्याकडील सुतारांच्या हातची, ३२ फुटांची. १९६४ साली ती पाण्यात उतरली. तिचा आराखडा तेव्हाही जुनाट होता. नॉर्वेच्या किनाऱ्यावर बुडत्यांना वाचवण्यासाठी कॉलिन आर्चर यांनी ज्या होड्या आखल्या त्यांच्या वंशातला. रुंद, जड, मंद. १९६८ साली न थांबता एकट्याने जगप्रदक्षिणा करण्याची शर्यत लागली. नऊ जण निघाले. त्यांत सुहेलीहून वेगवान होड्या होत्या. नायजेल टेटली यांची तीन अंगांची होडी जवळजवळ सारी पृथ्वी फिरून आली आणि मे १९६९ मध्ये घर हजारभर मैलांवर असताना मोडून बुडाली, टेटली वाचले. सुहेली २२ एप्रिल १९६९ रोजी फाल्मथ बंदरात परत आली. शर्यत पुरी करणारी ती एकटीच, म्हणून पहिलीही तीच. मी हा इतिहास भाच्याला सविस्तर लिहून पाठवला. त्याचे उत्तर आले, “मामा, पण बाकीच्या बुडाल्या नसत्या तर?” प्रश्न कायदेशीर होता. बहुतेक जण बुडाले नव्हते, थकून किंवा होडी मोडकळीस आल्याने माघारी फिरले होते, हे मी त्याला कळवले. पण मुद्दा त्याचाच खरा. समुद्र शांत राहिला असता तर सुहेली हरली असती. म्हणून पाणी कोणते हे ठरल्यावाचून होडी ठरत नाही.

आणि चांगली होडी निवडली म्हणजे संकट टळले असेही नाही. त्याच सुहेलीच्या धर्तीवर गोव्यात बांधलेल्या ‘थुरीया’तून अभिलाष टॉमी २०१८ च्या शर्यतीत उतरले होते. सप्टेंबरात हिंदी महासागराच्या दक्षिण भागात वादळाने ती गडगडवली, डोलकाठी मोडली, त्यांच्या पाठीच्या कण्याला इजा झाली आणि तीन दिवसांनी एका फ्रेंच जहाजाने त्यांना वाचवले. हा भाग मी बहिणीला लिहिला नाही. तिला तो ठाऊक होता. तेव्हाची वर्तमानपत्रे तिने जपून ठेवली आहेत.

याच सुमारास एका शनिवारी देवळात किष्किंधाकांडाचा शेवट कानांवर पडला. समुद्रकाठी वानर बसले आहेत आणि कोण किती उडी मारील याचा हिशेब चालला आहे. कोणी दहा योजने म्हणतो, कोणी वीस, कोणी पन्नास. वृद्ध जांबवान नव्वदपर्यंत येतो. अंगद म्हणतो, मी शंभर योजने जाईन, पण परत येण्याची शक्ती उरेल की नाही ते निश्चित नाही. हा प्रसंग मी शंभर वेळा ऐकला असेन. त्या दिवशी मात्र अंगदाविषयी माझ्या मनात एकदम मोठा आदर उत्पन्न झाला. भर सभेत, शंभरचा आकडा सांगितल्यावर, असे परंतुक स्वतःहून जोडणारा साक्षीदार माझ्या वीस वर्षांच्या वकिलीत मला भेटलेला नाही.

मग मी होड्यांच्या वर्गांचे नियम मागवून वाचले, आणि तेथे माझे मन रमले. इंटरनॅशनल वन मीटर नावाचा एक वर्ग आहे. लांबी जास्तीत जास्त एक मीटर. वजन चार किलोंहून कमी चालत नाही. पाण्याखालची खोली ३७० ते ४२० मिलिमीटर. आणि पाते व शिसे मिळून २,२०० ते २,५०० ग्रॅम. म्हणजे होडीच्या निम्म्याहून अधिक वजन पाण्याखाली हातभर खोल! अंग काचतंतूचे किंवा लाकडाचे चालेल, कार्बनचे नाही. डोलकाठी ॲल्युमिनियमची किंवा लाकडाची. शिडांचे तीन संच, ए, बी आणि सी, प्रत्येकाचे माप ठरलेले. मंद वाऱ्याला मोठा, जोराच्या वाऱ्याला लहान. आणि सर्वांत मौजेची गोष्ट ही की हे नियम बंदिस्त प्रकारचे आहेत, म्हणजे जे स्पष्टपणे मान्य केलेले नाही ते निषिद्ध. फौजदारी कायदा याच्या नेमका उलट चालतो. जे निषिद्ध नाही ते करण्यास नागरिक मोकळा. मी आयुष्यभर दुसऱ्या तत्त्वाची बाजू मांडली आहे. पण चौदा वर्षांच्या मुलाच्या हाती समुद्र द्यावयाचा असेल तर पहिले तत्त्व मला एकाएकी फार पटू लागले.

अन्य पर्यायही मी न्यायाने तपासले. ड्रॅगन फोर्स ६५ ही साडेसहाशे मिलिमीटरची तयार होडी स्वस्त, सुटसुटीत आणि शिकाऱ्याला उत्तम. परंतु तिचे सगळे वजन सव्वा किलोच्या आसपास. अशी हलकी होडी प्रत्येक लाटेवर थबकते. तिला पुढे रेटणारा जोर अंगात साठत नाही. मयेच्या तळ्यावर मी तीच सुचवली असती. आरसी लेझर ही मोठ्या लेझर होडीची चौथाई प्रतिकृती. तिचे शीड मोज्यासारखे डोलकाठीवर चढवतात, दोऱ्यांचे जाळे नाही, वारा वाढला की एक मोजा काढून दुसरा लहान घालावा. समुद्रावर दोऱ्या जितक्या कमी तितके तुटावयाचे कमी, म्हणून तिच्याविषयी माझे मत फार अनुकूल झाले होते. मेहुण्यांना एका परदेशी बंदरात वापरलेली वन मीटर होडी बऱ्या किमतीत मिळाली नसती तर निकाल कदाचित लेझरच्या बाजूने गेला असता. अनेक निकाल असेच लागतात.

निवड तेवढ्यावर संपत नाही. एक मीटरच्या होडीचा पाण्यावरील वेग तिच्या लांबीनेच बांधलेला असतो. साधारणपणे ताशी चार-साडेचार किलोमीटर, म्हणजे चालत्या माणसाइतका. मांडवीच्या मुखाशी ओहोटी जोरात असली की ती तेवढाच वेग खाऊन टाकील. म्हणून वेळ निवडणे हेही होडी निवडण्याइतकेच महत्त्वाचे. शाळेच्या भूगोलात आपण खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले, उत्तरपत्रिकेत लिहिले आणि विसरलो. करंजाळ्याचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. हिवाळ्यात सकाळी मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. यंत्र बंद पडले तर तो होडीला अरबस्तानच्या रोखाने घेऊन जाणार. डिसेंबरातील ती स्वस्त होडी याच वाऱ्याने नेली. दुपारनंतर खारा वारा सुटतो. तो निर्जीव झालेल्या होडीलाही निमूटपणे वाळूवर आणून टाकतो. त्या रापणवाल्या म्हाताऱ्याचे वाक्य मला येथे पुरते कळले. तो होडीविषयी बोलत नव्हता, वाऱ्याविषयी बोलत होता. पावसाळा तर विचारातच नको. त्या दिवसांत आग्वादच्या वाळूच्या दांड्यामुळे खनिजाचे मोठे पडावसुद्धा मांडवीचे मुख टाळून कुंभारजुव्याच्या खाडीने मुरगावकडे जात.

यंत्राविषयी थोडेच सांगतो. आजचे बिनतारी यंत्र हवेत पुष्कळ लांब पोहोचते, पण त्याच्या लहरी पाण्यातून जात नाहीत. म्हणून होडीतील तार जितकी उंच तितकी बरी. तथापि, खरी मर्यादा यंत्राची नसून डोळ्यांची आहे. दीडशे मीटरांवर गेलेली होडी आपल्याकडे येत आहे की दूर चालली आहे, हे चांगल्या नजरेलाही कळेनासे होते. झाकणातून पाणी शिरले तर अडीच किलोचे शिसे होडीला थेट तळाशी नेते, म्हणून पोटात रिकाम्या जागी फेस-रबराचे तुकडे कोंबावे. आणि दर वेळी घरी आल्यावर होडी गोड्या पाण्याने धुवावी. खाऱ्या पाण्याने वाट लावलेल्या होड्या वादळाने मोडलेल्यांहून अधिक असाव्यात असा माझा तर्क आहे.

मी निकालपत्र लिहिले, ते असे. होडी घ्यावी. ती इंटरनॅशनल वन मीटर असावी. ऑक्टोबर ते मे एवढ्याच काळात, आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्यातच ती सोडावी. ओहोटी जोरात असताना मुळीच नाही. होडी कितीही दूर गेली तरी तिच्यामागे गुडघ्याच्या वर पाण्यात जावयाचे नाही. गेल्यास होडी जप्त. आणि पहिल्या मोसमात सर्वांत लहान, सी संचाचेच शीड वापरावे, वारा असो वा नसो. या शेवटच्या अटीला शास्त्रीय आधार थोडाच आहे. मंद वाऱ्यात लहान शिडाने होडी रेंगाळते, हे मला ठाऊक होते. परंतु रेंगाळणाऱ्या होडीमागे कोणी पाण्यात धावत नाही.

बहिणीचा फोन आला. “दादा, हा निकाल आहे की विम्याचा करार?” मी म्हटले, दोन्ही. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “गुडघ्याची अट त्याच्या हातून लिहून घे. तुझं ऐकतो तो.” मी लिहून घेतली.

होडी जानेवारीत पाण्यात उतरली. मी नव्हतो, सौंसरच्या कोर्टात एका बांधाच्या भांडणात उभा होतो. भाच्याने कळवले की वारा बेताचा, लाट लहान, आणि होडी एखाद्या म्हाताऱ्या भटजीप्रमाणे सावकाश गेली व सावकाश आली. दुसऱ्या आठवड्यात वारा खरोखर वाढला. तेव्हा तिची नाळ लाटेत शिरली, सगळा पुढचा भाग पाण्याखाली गेला, डोलकाठी जवळजवळ पाण्याला टेकली, आणि मग शिशाने तिला हळूहळू उभी केली. त्याने हे तीन पानांत लिहिले आहे. बहिणीने त्याखाली एक ओळ घातली आहे की त्या दिवशी ती स्वतः वाळूवर उभी होती आणि तिने दोनदा डोळे मिटले.

ए संचाचे मोठे शीड अजून तिच्या पलंगाखाली आहे. पुढच्या ऑक्टोबरापर्यंत ते तेथेच राहील असे तिचे म्हणणे; भाचा मार्च म्हणतो. या मुद्द्यावर माझ्याकडे अपील दाखल झाले आहे, तारीख अद्याप पडलेली नाही.